टाकीच्या तळासाठी छोटे मार्जारमीन

वेगवेगळ्या जातींचे शांत स्वभावाचे मासे ज्या टाकीत एकत्र नांदतात, तिला सामायिक मत्स्यटाकी म्हणतात, आणि अशी टाकी भरताना बहुतेकांचे लक्ष पाण्याच्या वरच्या व मधल्या थरात फिरणाऱ्या गप्पी, टेट्रा किंवा रासबोरा या माशांवरच असते. तळाचा मासा घेतला जातो तो सर्वांत शेवटी, आणि तोही टाकी स्वच्छ ठेवील या अपेक्षेने. ही अपेक्षा माशावर अन्याय करणारी आहे. तोंडाभोवती मिशांसारखी स्पर्शेंद्रिये असणारे हे छोटे मार्जारमीन इतर माशांची विष्ठा खात नाहीत, आणि वरून निसटलेल्या चाऱ्यावरच त्यांना ठेवले तर ते हळूहळू खंगत जातात. त्यांच्यासाठी तळाशी बुडणाऱ्या गोळ्या किंवा गोठवलेल्या अळ्या वेगळ्या द्याव्याच लागतात.

या गटातील सर्वाधिक पसंतीचे मासे म्हणजे दक्षिण अमेरिकेतील नद्यांचे रहिवासी कोरिडोरस, ज्यांना हौशी मंडळी नुसते ‘कोरी’ म्हणतात. लासेपेद या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने 1803 मध्ये ही प्रजाती स्थापन केली; पुढे तिच्यात दीडशेहून अधिक जातींची भर पडली आणि 2024 मधील फेरमांडणीत त्यांतील बऱ्याच जाती निराळ्या प्रजातींत गेल्या, त्यामुळे एकाच माशाला दोन शास्त्रीय नावे लावलेली दिसली तर गोंधळून जाण्याचे कारण नाही. कोरीच्या अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्यांच्या दोन ओळी असतात आणि छातीच्या परांना टोकदार काटा असतो. संकटात हा काटा ताठ उभा राहत असल्यामुळे कोरी गिळू पाहणाऱ्या मोठ्या गोल्डफिशच्या किंवा ऑस्करच्या घशात तो अडकतो आणि दोन्ही मासे दगावू शकतात. म्हणून कोरीचे सोबती त्याला तोंडात घेऊ न शकणारेच असावेत.

जात निवडताना रंगापेक्षा पाण्याच्या तापमानाचा विचार आधी व्हावा, आणि महाराष्ट्रात तर तो टाळताच येत नाही. ठिपक्याठिपक्यांचा पेपर्ड कोरी हा दक्षिण अमेरिकेच्या तुलनेने थंड भागातला मासा. चार्ल्स डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केलेल्या नमुन्यांवरून लिओनार्ड जेनिन्स यांनी 1842 मध्ये त्याचे वर्णन केले. त्याला साधारण 18 ते 23 अंश सेल्सिअसचे पाणी मानवते, तर काळ्यापांढऱ्या पांडा कोरीलाही 25 अंशांच्या वरचे पाणी फार काळ सोसवत नाही. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात घरातल्या टाकीचे पाणीही सहज 30 अंशांवर जाते, आणि पाणी जितके गरम तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. अशा घरांत स्टर्बाय कोरी अधिक योग्य, कारण 24 ते 28 अंशांत तो निरोगी राहतो. ब्राँझ कोरी या दोहोंच्या मधला, काटक आणि नवशिक्यांना सोयीचा आहे.

कोरी मधूनच झपाट्याने पृष्ठभागाकडे धाव घेऊन पुन्हा तळाशी येतो, तेव्हा तो हवेचा घोट घेत असतो. ही हवा आतड्याच्या मागच्या भागात पोहोचते आणि तेथील रक्तवाहिन्यांनी भरलेले अस्तर तिच्यातला प्राणवायू शोषून घेते. अधूनमधून असे होणे स्वाभाविक आहे, परंतु सगळा थवा वारंवार वर येऊ लागला तर पाण्यातला प्राणवायू घटला आहे किंवा पाणी बिघडले आहे असे समजून ते तपासावे.

कोरी तळात तोंड खुपसून अन्न शोधतो, वाळू तोंडात घेतो आणि कल्ल्यांतून बाहेर टाकतो. त्यामुळे तळाशी धारदार खडे नकोत, बारीक व गुळगुळीत वाळू हवी. मिशा झिजण्याचा दोष सामान्यतः खड्यांवर येतो, पण तळाशी साचून कुजलेला गाळ आणि त्यात वाढणारे जिवाणू हे तितकेच मोठे कारण असते. हा मासा कळपाचा असल्यामुळे एकाच जातीचे निदान सहा मासे एकत्र ठेवावेत. निरनिराळ्या जातींचा एकेक मासा आणला तर ते बिचकलेले व दडून बसलेले राहतात. टाकी लहान असेल तर जेमतेम तीन सेंटिमीटरपर्यंत वाढणारा पिग्मी कोरी घ्यावा, जो तळाइतकाच मधल्या थरातही थव्याने विहरतो.

शेवाळ खाणारा म्हणून दुकानांत सकर या नावाने मिळणारा बोटभर मासा मात्र सामायिक टाकीत आणूच नये. तो बहुधा टेरिगोप्लिक्थिस प्रजातीचा असतो आणि एक फुटाहून मोठा होतो, आणि टाकीत मावेनासा झाल्यावर तो तळ्यात किंवा नदीत सोडून दिला जातो. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ प्रदेशात आणि केरळात हा परका मासा आता वाढतो आहे. शेवाळासाठी चार-पाच सेंटिमीटरचा ओटोसिन्क्लस पुरेसा आहे, पण त्याला काही महिने जुनी, शेवाळ धरलेली टाकी लागते. जरा मोठ्या टाकीत लाकडाच्या ओंडक्यासह एखादा ब्रिसलनोज ठेवता येतो, जो साधारण 12 ते 15 सेंटिमीटर होतो. आपल्या नद्यांतील शिंगटा, म्हणजे मिस्टस प्रजातीचा मासा, देखणा असला तरी रात्री टाकीतले छोटे मासे फस्त करतो, आणि दक्षिण अमेरिकेतला लांब मिशांचा पिक्टसही निऑन टेट्रांच्या बाबतीत तेच करतो.