वृत्तपत्राची स्थानिकता

खिदिरपूरला बंगाली रसिक ‘कवितीर्थ’ म्हणतात. रंगलाल बंद्योपाध्याय, मायकेल मधुसूदन दत्त आणि हेमचंद्र बंद्योपाध्याय या तिन्ही कवींचे वास्तव्य या भागात घडले. मात्र तिघांपैकी एकाचाही जन्म येथला नव्हे. १८९२ मध्ये येथील गोदी खुली झाल्यावर हिंदी व उर्दू बोलणारे श्रमिक येत गेले आणि बाहेरून आलेल्यांची ही वस्ती अधिकच बहुभाषिक झाली. अशा वस्तीने आपले, म्हणजे स्थानिक, वृत्तपत्र कोणते मानावे? छापखान्याचा पत्ता पाहून या प्रश्नाचा निकाल लावता येईल, असे मला वाटत नाही.

या संदर्भात ‘उदन्त मार्तंड’चे उदाहरण पाहण्याजोगे आहे. कानपूरचे जुगलकिशोर शुक्ल यांनी हिंदीतील हे पहिले साप्ताहिक ३० मे १८२६ रोजी कलकत्त्यात काढले. त्याची भाषा जाणणारा वाचकवर्ग मुख्यतः दूर उत्तरेकडे होता. त्याच्यापर्यंत अंक पोचवावयाचा तर टपालहशील परवडेना, आणि सरकारने सवलत दिली नाही. डिसेंबर १८२७ मध्ये पत्र बंद पडले. पत्र एका गावी व त्याचे लोक दुसऱ्या गावी, अशी ही अवस्था होती.

याच्या उलट बाजूचे उदाहरण एका मराठी माणसाचे आहे, आणि आपल्याकडे त्याचा उल्लेख व्हावा तितका होत नाही. सखाराम गणेश देऊस्कर (१८६९–१९१२) हे देवघर परिसरात जन्मलेले, तेथेच शाळेत शिक्षक असलेले गृहस्थ. तेथील मॅजिस्ट्रेटच्या जुलमाविषयी त्यांनी कलकत्त्याच्या ‘हितवादी’ या बंगाली साप्ताहिकात लिहिले. रवींद्रनाथांच्या आरंभीच्या काही कथा १८९१ मध्ये प्रथम छापणारे पत्र ते हेच. वस्तुतः देवघरचे गाऱ्हाणे कलकत्त्याच्या वाचकाला परक्या गावचे. परंतु ज्यांच्यावर जुलूम होत होता त्यांच्या दृष्टीने त्या आठवड्यापुरते ‘हितवादी’ देवघरचेच पत्र झाले. लिहिणारा त्याच गावात राहत होता आणि ज्याच्याविरुद्ध लिहावयाचे तो अधिकारीही तेथेच होता. राजधानीतील संपादकाला न भोगावी लागणारी किंमत अशा बातमीदाराला द्यावी लागते. देऊस्करांच्या नोकरीवर गदा आली. ती सोडून ते कलकत्त्यास गेले आणि ‘हितवादी’त मुद्रितशोधक म्हणून राहिले. पुढे त्याच पत्राचे ते संपादक झाले. ‘देशेर कथा’ हा त्यांचा १९०४ चा ग्रंथ बंगालीतच आहे. घरची भाषा मराठी असता त्यांनी शेजाऱ्यांची भाषा लेखनासाठी पत्करली. त्यांचे भाचे बाबूराव विष्णू पराडकर यांनीही कलकत्त्यात उमेदवारी करून पुढे काशीच्या ‘आज’मधून हिंदी पत्रकारिता घडविली.

तरीही देऊस्करांना दूरचे पुणे परके झाले नव्हते. १९०७ च्या सुरतेच्या फुटीनंतर टिळकांविरुद्ध लिहावे, अशी ‘हितवादी’च्या चालकांची अपेक्षा होती. वंगवाचकांपैकी पुष्कळांना तो पक्षभेदाचा प्रश्न वाटला असेल. देऊस्करांना मात्र तो देवघरच्या गाऱ्हाण्याइतकाच जवळचा होता. एका गावच्या बातमीपायी शिक्षकाची नोकरी गमावून ज्या कचेरीत ते आले होते, तेथील संपादकपदाचा त्यांनी राजीनामा दिला.