कंपायलरला कळतं, ते आपण का लिहावं?

प्रोग्रॅमर मंडळींत काही वाद कधीच विझत नाहीत. व्हेरिएबलचा टाइप माणसाने लिहायचा की कंपायलरने ओळखायचा, हा त्यांतला एक. मार्च २०१८मध्ये जावा १० आलं, त्यात ‘व्हार’ आला, आणि कोणी सातबाऱ्यावरून नाव उडवावं तसा गहजब झाला. कोड वाचणाऱ्याला काय कळणार, नवशिके आळशी होतील, आज हे तर उद्या जावाचं जावास्क्रिप्ट होईल... प्रत्यक्षात जावातला ‘व्हार’ अगदी सोवळ्यातला आहे. फंक्शनच्या आतलं लोकल व्हेरिएबल आणि त्याला तिथल्या तिथे दिलेली किंमत, एवढ्यापुरताच तो चालतो. मेथडच्या पॅरामीटरला चालत नाही, फंक्शन काय परत देतं तिथे चालत नाही, क्लासच्या फील्डला तर नाहीच. उजवीकडे जे लिहिलंय ते डावीकडे पुन्हा लिहू नका, इतकीच ती सवलत.

या सवलतीला टाइप इन्फरन्स, म्हणजे तर्काने टाइप काढणं, म्हणू नये, हे माझं जुनं तुणतुणं आहे. संपादक ते ऐकून घेतात, म्हणून इथे पुन्हा वाजवतो.

माझ्या पिढीला कंपायलरच्या अंदाजबाजीची ओळख फोरट्रानने करून दिली, आणि ती फार वाईट ओळख होती. १९५७च्या पहिल्या फोरट्रानपासून नियम असा, की नावाचं पहिलं अक्षर आय ते एन यांच्यातलं असेल तर व्हेरिएबल पूर्णांक, नाहीतर दशांश. जाहीर करायची गरज नाही. त्यात ही भाषा मोकळ्या जागा मोजत नसे. ‘डू १० आय = १,१०’ या लूपच्या ओळीत स्वल्पविरामाऐवजी टिंब पडलं, तर कंपायलर निमूटपणे ‘डूदहाआय’ नावाचं नवं दशांश व्हेरिएबल जन्माला घालून त्यात १.१० भरून ठेवी. चूक दाखवायची नाही की कुरकुर नाही. (१९६२ साली मरिनर-१ यान याच टिंबाने बुडवलं, ही दंतकथा अजून छापली जाते. ती खरी नाही.) फोरट्रानचे चटके बसलेले लोक आयुष्यभर ‘सगळं स्पष्ट लिहा’ म्हणत राहिले, आणि त्यांचा राग मला समजतो. पण फोरट्रान तर्क करत नव्हतं. ते फक्त नावाचं आद्याक्षर बघत होतं.

तर्क सुरू झाला तो एडिंबरात. रॉबिन मिल्नर १९७३मध्ये तिथल्या विद्यापीठात आले. पीएच.डी. नसलेला हा माणूस पुढे १९९१चा ट्यूरिंग पुरस्कार घेऊन गेला. प्रमेयं सिद्ध करायला मदत करणारी एलसीएफ ही प्रणाली ते बांधत होते, आणि सिद्धतेच्या युक्त्या लिहायला तिच्यासाठी एक भाषा हवी होती. ती एमएल. या भाषेत ‘प्रमेय’ हा एक टाइप होता, आणि त्या टाइपची वस्तू तर्काच्या नियमांतूनच तयार होऊ शके. कोणी बनावट प्रमेय घुसडू पाहिलं, तर टाइपचे नियमच ते अडवत. म्हणजे टाइप कडक असणं भाग होतं. पण यंत्रासमोर बसून एकामागून एक युक्ती करून बघणारा संशोधक दर ओळीला टाइप लिहीत बसेल, हेही शक्य नव्हतं. कडकपणा तर हवा आणि लिखापढी नको, या ओढाताणीतून मिल्नर यांचा १९७८चा निबंध आला.

ज्यांनी तो वाचलेला नाही त्यांच्यासाठी नेहमीचं ‘मॅप’ घेतो. यादीतल्या प्रत्येक घटकाला एक फंक्शन लावायचं आणि निकालांची नवी यादी करायची. एमएलमध्ये हे दोन ओळींत होतं, आणि त्यात टाइपचं अवाक्षर नसतं. कंपायलर आधी प्रत्येक नावाला एक अज्ञात टाइप देतो. मग वापर बघत समीकरणं मांडतो. अमुक गोष्ट घटकाला लावली आहे, अर्थात ती फंक्शन असणार. तिच्यात जे जातं ते पहिल्या यादीतल्या घटकाच्या टाइपचं, आणि जे बाहेर पडतं ते नव्या यादीतल्या घटकाच्या. ॲलन रॉबिन्सन यांनी १९६५ साली मांडलेलं युनिफिकेशन वापरून ही समीकरणं सुटतात. हाती येतं ते असं: ‘अ’चा ‘ब’ करणारं फंक्शन द्या, ‘अ’ची यादी द्या, ‘ब’ची यादी घ्या. ‘अ’ आणि ‘ब’ कोणतेही चालतील! मी आकड्यांसाठी लिहायला बसलो होतो, आणि कंपायलर सांगतो की तू हे सगळ्यांसाठी लिहिलं आहेस. हा अनुभव ‘व्हार’ कधी देणार?

शिवाय हा टाइप शक्य तितका व्यापक असतो. त्या फंक्शनला लागू पडणारा दुसरा कुठलाही टाइप त्याचीच एखादी विशिष्ट आवृत्ती ठरतो. तर्कशास्त्राच्या बाजूने हीच गोष्ट रॉजर हिंडली यांनी १९६९मध्ये सिद्ध केली होती. मिल्नर यांना ते ठाऊक नव्हतं. लुईस दामास आणि मिल्नर यांनी १९८२ साली पीओपीएल या प्रोग्रॅमिंग भाषांच्या तत्त्वांवरच्या परिषदेत एमएलची बाजू पक्की केली. तीच परिषद जानेवारी २०१५मध्ये मुंबईत भरली होती. आपल्या शहरात या विषयातली मंडळी आली होती, आणि आपल्या सॉफ्टवेअर उद्योगातले किती जण तिकडे फिरकले, हा प्रश्न मी त्यानंतर अनेकांना विचारला. बहुतेकांनी ‘पीओपीएल म्हणजे काय’ असं विचारलं.

विरोधकांचा एक मुद्दा मान्य आहे. टाइप जुळले नाहीत की एमएलचा कंपायलर चूक दाखवतो ती समीकरणं जिथे फिसकटतात तिथे, आणि मूळ घोळ अनेकदा बऱ्याच वरच्या ओळीत असतो. चोर सोडून संन्याशाला सुळी. म्हणूनच हॅस्केलवाले महत्त्वाच्या फंक्शनच्या डोक्यावर टाइप आवर्जून लिहितात. पण तो त्यांनी लिहिलेला असतो आणि कंपायलरने स्वतंत्रपणे ताडून पाहिलेला असतो. सक्तीने लिहिलेल्या टाइपशी त्याची बरोबरी करू नये.

पुढची वंशावळ, म्हणजे मिरांडा, हॅस्केल, ओकॅमल, स्काला, एफ-शार्प, पुष्कळांनी पुष्कळदा मांडली आहे, मी ती सोडतो. लोकप्रिय भाषांकडे या मेजवानीतला एकेक घास गेला. सी++चे कर्ते ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९८४च्या सुमारास ‘व्हार’सारखाच ‘ऑटो’ चालवून दाखवला होता, पण सी भाषेशी सुसंगती राखण्यासाठी तो काढावा लागला. तो परत आला २०११मध्ये. सी-शार्पमध्ये २००७ साली ‘व्हार’ आला, त्याचं कारण मात्र गमतीचं आहे. लिंक (LINQ) या त्यातल्या सोयीने लिहिलेल्या क्वेरीतून निघणाऱ्या काही वस्तूंच्या टाइपला नावच नसे, तेव्हा लिहिणार काय? गो, स्विफ्ट, कॉटलिन यांनी सुरुवातीपासूनच ही सोय ठेवली. सी++मधले जाणकार हर्ब सटर यांनी ‘जवळजवळ नेहमी ऑटोच’ असा पुकारा केला, आणि सी++वाल्यांत दोन तट पडले ते आजतागायत.

आता लोकप्रियतेकडे वळतो, कारण माझ्याशी हुज्जत घालणारे तिथूनच दगड मारतात. एक विद्वान स्नेही नेहमी सुनावतात, की इन्फरन्स इतका थोर असता तर एमएल पहिल्या नंबरवर असती. पहिल्या नंबरवर पायथॉन आहे, आणि तिथे टाइप लिहायची सक्तीच नाही! ऑक्टोबर २०२१मध्ये पायथॉन टायोबीच्या यादीत सी आणि जावाला मागे टाकून वर गेली, हे खरं. पण ती यादी सर्च इंजिनांवर मिळणाऱ्या निकालांवरून बनते. भाषेच्या नावाने किती पानं सापडतात, हे ती मोजते. भाषा वर चढतात त्या बहुधा दुसऱ्याच्या खांद्यावरून. सी युनिक्सच्या खांद्यावरून चढली आणि स्विफ्ट आयफोनच्या. कॉटलिनला २०१९मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी पहिली पसंती दिली. जावास्क्रिप्ट १९९५मध्ये दहा दिवसांत उभी राहिली आणि ब्राउझरमध्ये बसून जगभर फिरली. यात टाइपचा न्याय कुठे झाला?

आणि बिनटाइपच्या या विजेत्यांनी नंतर काय केलं? २०१२मध्ये जावास्क्रिप्टवर टाइपस्क्रिप्टचा थर चढला. २०१४मध्ये फेसबुकने पीएचपीला टाइप देण्यासाठी हॅक काढली. २०१५मध्ये पायथॉन ३.५सोबत टाइप हिंट्स आल्या. हॅकचा टाइप तपासनीस आणि जावास्क्रिप्टसाठीचा ‘फ्लो’ हे दोन्ही लिहिले गेले ओकॅमलमध्ये. सगळ्यांच्या लाडक्या रस्टचा पहिला कंपायलरही ओकॅमलमध्येच होता. यादीत खाली असलेल्या भाषेने वरच्यांचे हिशेब तपासावेत, हे स्नेह्यांच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात बसतं, ते त्यांनी सांगावं.

आपल्याकडे मात्र हा विचारच पोहोचला नाही. महाराष्ट्रात बारावीच्या कॉम्प्युटर सायन्सला सी++ होती. इंजिनिअरिंगच्या कितीतरी प्रयोगशाळांत टर्बो सी++ची निळी खिडकी जग पुढे गेल्यावरही वर्षानुवर्षं उघडत राहिली. त्या खिडकीत मुलं एकच गोष्ट शिकली, कंपायलर म्हणजे चुका काढणारा मास्तर. तो आपल्या कोडबद्दल आपल्यालाच ठाऊक नसलेलं काही सांगू शकतो, हे त्यांच्या कानावर आलं नाही. पुढे कॅम्पस मुलाखती आल्या, आणि कोणत्या भाषेला किती पॅकेज एवढीच चर्चा उरली.

आज कोड यंत्र लिहून देतं. टंकलेखन वाचतं म्हणून ‘व्हार’ची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं त्यामुळे निकालात निघालं. पाच शब्द जास्त लिहायला यंत्राला काय लागतं? एडिटर तर न लिहिलेला टाइप राखाडी अक्षरांत ओळीतच दाखवतो. तरुण सहकारी ती राखाडी अक्षरं वाचतात आणि पुढे जातात. तो टाइप तसाच का आला, असं विचारलं की खांदे उडवतात. पूर्वी आम्ही कंपायलरशी भांडत असू, निदान त्यासाठी तरी डोकं चालवावं लागे.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना विनंती एवढीच, की पहिल्या वर्षाचं एक सत्र एमएलच्या कुळातल्या भाषेला द्या. ते होईल तेव्हा होईल. वाचकहो, तुम्ही या सुट्टीत ओकॅमल उतरवून घ्या, फुकट आहे. ‘मॅप’ स्वतः लिहा, एकही टाइप लिहू नका, आणि एंटर दाबण्याआधी उत्तर काय येईल ते कागदावर मांडून ठेवा.