संकलनाकडून इफेक्ट्सकडे जाणारे दृश्य

चित्रफितीचा तुकडा संकलनाच्या सॉफ्टवेअरमधून इफेक्ट्सच्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना तो एच.२६४ या कोडेकमध्ये, म्हणजे माहिती आक्रसून साठवण्याच्या पद्धतीत, पुनःपुन्हा एक्सपोर्ट केला, तर दर खेपेस थोडा तपशील कायमचा गळतो आणि निरभ्र आकाशाच्या छटांमध्ये पट्टे उमटू लागतात. म्हणून मोठ्या चित्रपटांत इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेने २००३ मध्ये खुले केलेले ओपनईएक्सआर हे स्वरूप रूढ आहे. त्यात प्रत्येक फ्रेमची स्वतंत्र फाइल होते, प्रत्येक रंगवाहिनीला सहसा १६ बिट मिळतात आणि ‘झिप’ पद्धतीने आकार घटवला तरी साठवलेले एकही मूल्य बदलत नाही. फाइली अर्थातच अवाढव्य होतात. एरवी प्रोरेस ४४४४ हा कोडेक पुरतो, कारण त्यातली घट डोळ्यांना सहसा जाणवत नाही व पारदर्शकतेची वाहिनीही टिकते. मात्र स्वरूप कोणतेही असो, सेकंदाला २४ फ्रेमचा तुकडा सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर पडला, तर हालचाल अडखळते.