चोरीची बदलती वाट आणि आपली वस्ती

हल्ली वस्तीत दोन माणसे भेटली की बोलणे फिरून फिरून एकाच विषयावर येते. कुणाची दुचाकी दारातून गेली, कुणाचा मोबाईल रस्त्यात हिसकावला, कुणाच्या खात्यातले पैसे उडाले. आणि शेवटचे वाक्य बहुधा ठरलेले असते : "पूर्वीचं महाळुंगे राहिलं नाही. बाहेरची माणसं आली नि सगळं बिघडलं." यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा भाग मात्र तपासून घ्यावा असे आम्हांस वाटते. बँकेच्या काउंटरमागे बसून आम्ही इतकी वर्षे ज्यांची पासबुके भरली, त्यांत गावचेही आहेत आणि बाहेरचेही. लुबाडला गेलेला माणूस आमच्यापुढे येऊन उभा राहतो, तेव्हा तो बहुतेक वेळा ही "बाहेरची माणसं" यांपैकीच असतो. सभासद व विद्यार्थी यांच्यापुढे हा विषय थोडा नीट मांडावा, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

गाव आणि पट्टा

प्रथम एक खुलासा. पुणे जिल्ह्यात महाळुंगे नावाची गावे एकाहून अधिक आहेत. बालेवाडीजवळचे ते मुळशी तालुक्यातले. आपले महाळुंगे इंगळे हे खेड तालुक्यातले, तळेगाव–चाकण रस्त्यावरचे. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणच्या शेजारचे हे शेतकरी गाव. १९९९ मध्ये येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. २००९ मध्ये परिसरात फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ, तर २०१० मध्ये महिंद्र, असे मोठे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्यामागोमाग सुटे भाग करणारे शेकडो लहान कारखाने आले. शेतांच्या बांधावर भाड्याच्या खोल्यांच्या चाळी झाल्या. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून तरुण मुले आली. एका खोलीत चार-पाच जण, कंत्राटी नोकरी आणि तीन पाळ्या. पूर्वी गावात अनोळखी माणूस दिसला की चार जण विचारीत, "पाव्हणं, कुणाकडं?" आता शेजारच्या खोलीत कोण राहते हेच ठाऊक नसते, तर विचारणार कोणास? आमच्या मते बिघाडाचे मूळ बाहेरच्या माणसांत नाही, या तुटलेल्या ओळखीत आहे.

आकडे कसे वाचावेत

"गुन्हे वाढले" हे आपण वर्तमानपत्रातील आकड्यांवरून म्हणतो. परंतु तो आकडा घडलेल्या गुन्ह्यांचा नसतो, नोंदलेल्या गुन्ह्यांचा असतो. देशाचा वार्षिक गुन्हे अहवाल १९५३ पासून निघतो. त्यात एका फिर्यादीत अनेक गुन्हे असले तरी सर्वांत गंभीर असा एकच मोजला जातो. दुसरी गोष्ट हद्दीची. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि चाकण, आळंदी, देहूरोड, तळेगाव दाभाडे व तळेगाव एमआयडीसी ही ठाणी पुणे ग्रामीणमधून त्यात आली. पुढे महाळुंगे एमआयडीसीसाठी स्वतंत्र ठाणेही झाले. त्यामुळे २०१८ च्या आधीचे व नंतरचे आकडे शेजारी ठेवून घट-वाढ सांगणे म्हणजे दोन वेगळ्या खात्यांची शिल्लक एकमेकांशी ताडून पाहण्यासारखे आहे. शिवाय ठाणे जवळ आले की नोंद वाढते, आणि अशी वाढ चांगलीच म्हटली पाहिजे. काळजी करावी ती ज्याची नोंदच झाली नाही त्या चोरीची.

दारातून रस्त्यावर

आमच्या पाहण्यातील बदल असा. पूर्वी चोरी म्हणजे घरफोडी. कुलूप तोडून दागिने किंवा भांडी नेणे. आता खोलीत नेण्यासारखे काही नसते. कामगाराची सारी मालमत्ता त्याच्या अंगावर असते, ती म्हणजे मोबाईल आणि हप्त्यावरची दुचाकी. म्हणून चोर दार सोडून रस्त्यावर आला. पाळी सुटण्याची वेळ आणि दिवे नसलेला रस्ता या दोन गोष्टी त्याला पाठ असतात. तिसरी म्हणजे पगाराची तारीख. महिन्याच्या सात ते दहा तारखेला एटीएमपुढे लागणारी रांग जशी आम्हांस दिसते तशी त्यालाही दिसते.

यात सर्वांत जास्त भोगतात त्या रात्रपाळीच्या स्त्रिया. मे २०२५ मध्ये चाकणजवळ मेदनकरवाडी भागात रात्रपाळीला पायी निघालेल्या एका महिला कामगारावर अत्याचार झाला. कारखाने कायद्यात महाराष्ट्राने २०१५ मध्ये दुरुस्ती करून स्त्रियांना रात्रपाळीची मुभा दिली, तेव्हाच त्यांच्या सुरक्षिततेची व घराजवळपर्यंत वाहनाची अट घातली होती. मोठ्या कंपनीच्या बसमध्ये ही अट दिसते, परंतु लहान कारखान्यात कंत्राटदारामार्फत लागलेली मुलगी पुष्कळदा चालतच जाते. आपल्या घरातील लेकी-सुना कोणत्या मार्गाने कामावर जातात हे प्रत्येकाने एकदा रात्री स्वतः चालून पाहावे.

रस्त्यावरून खात्यात

तिसरा टप्पा आमच्या कामाच्या जागेचा. फोनवरून नोकरीचे आमिष, शेअरचा दामदुप्पट गट, "तुमच्या नावाने पार्सल सापडले" अशी धमकी. "डिजिटल अटक" असा प्रकार कोणत्याही कायद्यात नाही, हे सर्वांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगून ठेवावे. लुबाडलेले पैसे काही मिनिटांत पाच-सहा खात्यांतून फिरवून रोख काढले जातात. म्हणून वेळ फार मोलाची. तात्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार केली, तर पैसे ज्या खात्यात पोहोचले असतील तेथेच गोठविता येतात. दुसऱ्या दिवशी सवडीने बँकेत येणाऱ्यास आम्ही केवळ अर्ज देऊ शकतो.

आता विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम सांगतो. ही मधली पाच-सहा खाती कोणाची असतात? पुष्कळदा ती तुमच्या वयाच्या मुलांची असतात. "खातं नि सिम दे, महिन्याला चार पैसे मिळतील," असे कोणी ओळखीचाच सांगतो. एके दिवशी एक आई मुलाला घेऊन आमच्यापुढे उभी राहिली. खाते गोठले होते. ती विचारीत होती, "साहेब, यानं चोरी केली नाही, नुसतं खातं दिलं. मग पोलीस याच्या दारात का?" आम्ही तिला सांगितले, "ताई, खात्यावर नाव, फोटो, आधार सगळं याचं आहे. पोलीस पहिल्यांदा इथेच येणार." मुलगा पोलीस भरतीची तयारी करीत होता. चारित्र्य पडताळणीत दाखल गुन्हा आडवा येतो, हे त्याला तेव्हा कळले. आपल्या समाजात शिकून नोकरीला लागणारी ही दुसरी-तिसरी पिढी आहे. दोन-तीन हजारांसाठी तिचे दार बंद व्हावे, याहून मोठी चोरी ती कोणती?

तक्रार का व कशी करावी

एका कामगाराचा फोन हिसकावला गेला, तेव्हा आम्ही त्यास तक्रार करण्यास सांगितले. तो म्हणाला, "साहेब, एक हजेरी बुडंल, अन् मोबाईल काय मिळायचा नाही." त्याचे चुकले असे म्हणवत नाही. आमचाही फोन एकदा गर्दीत हिसकावला गेला. ज्या ठाण्यात गेलो तेथे "गहाळ" अशी नोंद करून दाखला हातात ठेवला गेला, आणि आम्ही पदवीधर असूनही मुकाट्याने घेऊन आलो. पुढे कळले की गहाळ म्हणजे गुन्हाच नाही. तपास नाही आणि आकड्यातही नाही. ती चूक इतरांनी करू नये म्हणून खालील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता व भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या. न्याय संहितेच्या कलम ३०४ मध्ये हिसकावून नेणे हा स्वतंत्र, दखलपात्र गुन्हा आहे. उलट पाच हजारांहून कमी किमतीची, पहिल्याच वेळची साधी चोरी अदखलपात्र ठरू शकते. म्हणून जुना, स्वस्त फोन हातातून ओढून नेला असेल तर तक्रारीत "चोरीला गेला" असे मोघम न लिहिता "हिसकावून नेला" असेच स्पष्ट लिहावे.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. "आमची हद्द नाही" हे उत्तर चालत नाही. इलेक्ट्रॉनिक मार्गाने खबर दिल्यास तीन दिवसांत सही करावी लागते. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. नोंद नाकारल्यास वरिष्ठांकडे, म्हणजे आपल्याकडे पोलीस उपायुक्तांकडे, टपालाने लेखी तक्रार पाठवावी. फोनचा आयएमईआय क्रमांक बिलावर असतो. तो वहीत लिहून ठेवावा. मे २०२३ पासून देशभर सुरू झालेल्या सरकारी व्यवस्थेत त्या क्रमांकावरून चोरीचा फोन बंद करता येतो.

वस्तीने काय करावे

ज्यांच्या खोल्या भाड्याने आहेत त्यांनी भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यावी व करार नोंदवावा. भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असणे मालकाचीच जबाबदारी आहे. हे भाडेकरूवर संशय म्हणून करू नये. कागद असला की त्याला पत्ता मिळतो, आणि पत्ता असलेला माणूस तक्रार करण्यास धजतो. दिव्यांबाबत अर्ज योग्य कार्यालयात द्यावा. औद्योगिक क्षेत्राच्या आतील रस्ते एमआयडीसीचे, गावातील ग्रामपंचायतीचे आणि तळेगाव–चाकण महामार्गाचे खाते पुन्हा वेगळे. चुकीच्या टेबलावर दिलेला अर्ज वर्षभर तेथेच पडून राहतो.

रात्रीची गस्त घालावी, असे तरुण मंडळी म्हणतात. उत्साह चांगला आहे. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७ मध्ये ग्राम संरक्षक दलाची सोयही आहे. परंतु गस्त पोलिसांना कळवून, नावे देऊनच घालावी. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. ते भिक्षा मागून पोट भरणारे निरपराध लोक होते. "बाहेरची माणसं" या शब्दाची धार कोठवर जाते ते येथे दिसते. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्यास नागरिक पकडू शकतो, परंतु त्यास सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावे लागते. हात उगारण्याचा अधिकार कोणासही नाही. प्रथम ११२ वर फोन करावा.

शेवटी एक साधी सूचना. आपल्या संस्थेत वकील, शिक्षक, बँक व सरकारी नोकरीतील मंडळी आहेत. महिन्यातून एक रविवार, दोन तास, कोणाचीही तक्रार लिहून देण्यासाठी बसावे. फॉर्म भरता न येणारा, भाषा न येणारा, हजेरी बुडण्यास भिणारा जो कोणी येईल, तो गावचा की बाहेरचा हे विचारू नये. त्याच्याबरोबर ठाण्यापर्यंत एकाने जावे. एकट्याने गेलेला माणूस "गहाळ" चा दाखला घेऊन परत येतो, हे आम्ही स्वतः अनुभवले आहे. बरोबर कोणी असते, तर आमचीही फिर्याद नोंदली गेली असती.

पहिल्या रविवारी आम्ही बसण्यास तयार आहोत.