व्हील डील! उन्हाळ्याची चाकं, हिवाळ्याची चाकं आणि आपलं सोलापूर

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. सोलापुरात ऑक्टोबर हीट जायचं नाव घेत नव्हती आणि माझ्या मावसभावाचा स्टुटगार्टहून फोटो आला. दिवाळीच्या फराळाचा असेल म्हणून उघडला, तर तळघरात एकावर एक रचून ठेवलेली चार चाकं! खाली मेसेज, 'आज उन्हाळा गुंडाळून ठेवला.'

योगायोग बघा, त्याच आठवड्यात आमच्या एका मित्रानं ग्रुपवर पाच अलॉय व्हील्सचे स्क्रीनशॉट टाकले. 'कुठलं भारी वाटतंय? वोट करा.' हा पठ्ठ्या पुण्यात आयटीत, घर जुळे सोलापूरमध्ये, गाडी बलेनो, तीही साध्या स्टीलच्या चाकांची. पाचही पर्याय सतरा इंची, काळेभोर, एकदम रापचिक. ग्रुपवर बदामांचा पाऊस पडला. मी मात्र वोट केलं नाही. कारण एक शुक्रवार सोडून पुढच्या शुक्रवारी त्याच गाडीतून मीही घरी येते. आणि मे महिन्यातली ती दुपार मी अजून विसरलेले नाही.

तो किस्सा आधी सांगते. पुण्याहून निघालो होतो. मागच्या सीटवर मित्राचे आई-बाबा आणि मी, पुढे त्याची बहीण, डिकी गच्च भरलेली. वाटेत एका पंपावर हवा चेक केली. हवावाला म्हणाला, 'पाच पॉइंट जास्त आहे साहेब, कमी करतो.' केली. आम्ही थँक्यू म्हणून निघालो. भिगवण गेलं, इंदापूर गेलं, आणि टेंभुर्णीच्या अलीकडे मागच्या डाव्या बाजूला बंदुकीचा बार झाल्यासारखा आवाज! गाडी शेपूट हलवावं तशी हलली. मित्रानं ब्रेक न दाबता स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, मागं ट्रक नव्हता, म्हणून हा लेख लिहितेय. काकू नंतर अर्धा तास एक शब्द बोलल्या नाहीत.

टायर कशामुळे फुटला हे छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. पण स्टेपनी लावून सोलापूर गाठल्यावर टायरवाल्यानं पहिला प्रश्न हाच विचारला, 'गरम टायरमधली हवा काढली होती का?'

त्याचं गणित सोपं आहे. गाडीच्या दाराच्या चौकटीवर हवेचा जो आकडा लिहिलेला असतो तो थंड टायरचा, म्हणजे गाडी दोन-तीन तास उभी असतानाचा. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की प्रेशर साधारण एक पीएसआयनं चढतं. त्यात गाडी पळून टायर तापतो तो वेगळाच. म्हणजे भर मे महिन्यात शंभर किलोमीटर पळालेल्या टायरमध्ये चार-पाच पॉइंट जास्त दिसले तर ते बरोबरच आहे. कंपनीनं ते धरूनच आकडा दिलेला असतो. ती 'जास्तीची' हवा काढली की टायर खरं तर कमी हवेवर पळतो. त्याची भिंत प्रत्येक फेरीत जास्त दबते, दबली की आणखी तापते, आणि वर पाच माणसं आणि सामान. आपल्याला वाटतं उन्हानं हवा फुगून टायर फुटतो. पण कमी हवा, जास्त वजन आणि जास्त वेग ही तिकडी उन्हापेक्षा डेंजर असते. ऊन फक्त तिचं काम सोपं करतं.

आता स्टुटगार्टच्या तळघरात परत जाऊ. जर्मनीत बर्फ, बर्फाचा चिखल किंवा गोठलेल्या रस्त्यावर हिवाळी टायरशिवाय गाडी चालवायला बंदी आहे. २०१० पासून हा नियम स्पष्ट शब्दांत कायद्यात आहे, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह असलेला टायरच हिवाळी धरला जातो. नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं आता चालत नाही. (आपल्याकडे काही एसयूव्हीच्या टायरवर ही अक्षरं दिसतात. ती वाचून रोहतांगचा बर्फ तुडवायला निघू नका.) तिथे अंगठ्याचा नियम सोपा, ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी चाकं. ज्यांच्याकडे तळघर नाही त्यांची चाकं गॅरेजवाले भाडं घेऊन सांभाळतात आणि त्या जागेला चक्क टायरचं हॉटेल म्हणतात!

एवढा खटाटोप कशासाठी? तर रबरासाठी. साधारण सात अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होतं आणि पकड सोडतं. हिवाळी टायरचं रबर मऊ असतं, त्यावर बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. तोच मऊ टायर आपल्या चाळीस-बेचाळीस अंशांत पळवला तर खोडरबरासारखा झिजेल आणि ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेईल. सोलापूरचा हिवाळा म्हणजे गड्ड्याच्या जत्रेत स्वेटर मिरवण्यापुरता. पहाटेचा पाराही सहसा सातपर्यंत उतरत नाही. त्यामुळे हिवाळी टायरचा विषय आपल्यापुरता इथेच संपला.

पण मला चमकवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. भावाची उन्हाळी चाकं सतरा इंची अलॉय आहेत आणि हिवाळी चाकं पंधरा इंची, काळी, साधी स्टीलची. म्हणजे परिस्थिती बिकट झाली की जर्मन माणूस छोटी आणि साधी चाकं लावतो! रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं अलॉय खराब होतं, हे एक कारण. स्टील स्वस्त, हे दुसरं. आणि तिसरं कारण आपल्या थेट कामाचं. रिम लहान असली की टायर उंच बसतो.

बलेनोचंच घ्या. बेस मॉडेलला टायर येतो १८५/६५ आर १५. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच आहे तो. शेवटचा रिमचा, इंचात. हिशेब केला तर भिंत १२० मिलिमीटर आणि पूर्ण चाकाची उंची ६२१. वरच्या मॉडेलला १९५/५५ आर १६. भिंत १०७, आणि चाकाची उंची पुन्हा ६२१ च्या आत-बाहेर. मित्राच्या स्वप्नातल्या सतरा इंचीवर बसतो २०५/४५. उंची ६१६, पण भिंत फक्त ९२ मिलिमीटर. बाहेरून चाक तेवढंच, आत रबराची जाडी मात्र पंधरा इंचीपेक्षा जवळजवळ तीन सेंटिमीटरनं कमी. खड्डा आला की रिम आणि रस्त्यामध्ये ही भिंतच उभी असते. आता विजापूर रोड किंवा होटगी रोड डोळ्यांपुढे आणा. पातळ भिंतीच्या टायरला फुगा येतो, रिमला तडा जातो. स्टीलची रिम वाकली तर बरेचदा ठोकून सरळ होते. तडा गेलेल्या अलॉयला वेल्डिंग करून हायवेला जाणं म्हणजे जिवाशी खेळ. शिवाय रुंद टायर पावसात पाण्यावर लवकर तरंगतो, आणि मोठं चाक सहसा जड असतं, म्हणजे मायलेजही खातं.

म्हणून माझं मत सांगते. त्यांच्याकडे दोन सेट असतात म्हणून त्यांना उन्हाळ्यात फॅशन परवडते. आपल्याकडे एकच सेट, आणि त्यालाच एप्रिलचा डांबरी तवा, जुलैचे खड्डे आणि सप्टेंबरचं पाणी झेलायचंय. तो सेट सगळ्यात वाईट महिन्याचा विचार करून निवडायचा, लग्नाच्या वरातीचा नाही!

अलॉय घ्यायचेच असतील तर घ्या, लुकवर माझा राग नाही. फक्त तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी जी साइज देते तिथेच थांबा, आणि इन्शुरन्स कंपनीला कळवा. दुकानात गेल्यावर 'बसतंय की' या शब्दांवर जाऊ नका. नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास जुळला पाहिजे. बलेनो-स्विफ्टला तो ४ गुणिले १००, क्रेटाला ५ गुणिले ११४.३. मधल्या भोकाचाही माप असतो, बलेनोचं ५४.१ मिलिमीटर. बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं भोक मोठं असतं, मग मधे रिंग घालावी लागते. ती न घालता नटांच्या भरवशावर चाक बसवलं तर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि आपण महिनाभर बॅलन्सिंगवाल्याला शिव्या देतो. रिमवर 'ईटी' अक्षरांपुढे आकडा असतो तो ऑफसेटचा. तो मूळ चाकापेक्षा फार कमी झाला की चाक बाहेर डोकावतं, पत्र्याला घासतं आणि बेअरिंगवर ताण येतो. आयएसआयचा शिक्का आणि रिम किती वजन पेलते तो आकडाही बघा. नसेल तर सरळ उठून चहा प्यायला जा.

टायर घेताना भिंतीवरची चार आकडी तारीख वाचा. १२२४ म्हणजे २०२४ चा बारावा आठवडा. पाच वर्षांनंतर दर वर्षी तपासणी आणि दहाव्या वर्षी बदलाच, असा टायर कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला आहे. आपल्या उन्हात बाराही महिने उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीनं दहाव्या वर्षापर्यंत वाट बघू नये असं मला वाटतं. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानं बाद, पण 'गोटा व्हायला अजून वेळ आहे' म्हणणारे आपल्या घराघरात आहेत. आणि नायट्रोजन? साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. थोडी सावकाश गळते एवढाच फायदा. उन्हात प्रेशर त्याचंही चढतं.

हे सगळं मी मित्राला सात रस्त्यावर चहा पिताना ऐकवलं. तो आधी चिडला. 'तू लुकची वाट लावतेस.' मग गाडीपाशी गेला, मागच्या सीटकडे बघितलं आणि म्हणाला, 'आई अजून टेंभुर्णी आलं की दाराचं हँडल धरते, माहितीये?'

शेवटी त्यानं सोळा इंची अलॉय घेतले, कंपनीच्या साइजचे, राखाडी. सतराच्या बजेटमधून जे पैसे वाचले त्यात चारही टायर चांगल्यातले आले आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये हवा मोजायचं एक गेज. आता शुक्रवारी निघायच्या आधी, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडी थंड असताना तो चारही चाकांची हवा मोजतो. पाचवी स्टेपनीची, ती मी आठवण करून द्यावी लागते.