बॅरी : भंगारातून वाचलेल्या इंजिनांचं गाव

कार्डिफहून निघालेली लोकल अर्ध्या तासात बॅरी आयलंडला पोचते. नावात बेट असलं तरी बंदर बांधलं गेलं तेव्हाच ते जमिनीला जोडलं गेलं. वाळूचा किनारा, पाळणे, आइस्क्रीम यांसाठी दक्षिण वेल्समधली खाणकामगारांची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या सुट्टीला इथे येत असत. १९६० आणि ७०च्या दशकांत आलेल्यांना आणखी एक देखावा फुकटात बघायला मिळे. बंदरालगतच्या सायडिंगांवर वाफेची इंजिनं एकामागे एक उभी असत. रंग उडालेली, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने गंजून तांबडी झालेली. ती सगळी मोडीत निघण्यासाठी आलेली होती आणि तरीही वर्षानुवर्षं निघत नव्हती.

बॅरी हे मुळात वाफेनेच वाढवलेलं गाव. कार्डिफच्या गोद्यांमधली गर्दी आणि तिथले दर यांना कंटाळलेल्या खाणमालकांनी डेव्हिड डेव्हिसच्या पुढाकाराने इथे स्वतःचं बंदर उभारलं. ते १८८९मध्ये खुलं झालं आणि ऱ्होंडाच्या खोऱ्यातला कोळसा इथून जगभर जाऊ लागला. १९१३मध्ये बॅरी हे कोळसा निर्यात करणारं जगातलं सर्वांत मोठं बंदर होतं. बंदर कचेरीच्या इमारतीसमोर डेव्हिसचा पुतळा आजही आहे. पुढे कोळशाचा धंदा बसला, वाघिणी भरून उभ्या करायच्या सायडिंगा ओस पडल्या. भंगारवाल्याला हवी असते ती मोकळी जागा आणि तिथवर जाणारे रूळ. बॅरीत दोन्ही तयार होतं.

वूडहॅम ब्रदर्स ही इथली जुनी पेढी. १८९२पासून ती बंदरातलं जुनं लाकूड, दोरखंड, लोखंड घ्यायची-विकायची. १९५५मध्ये ब्रिटिश रेल्वेने आधुनिकीकरणाची योजना आखली आणि वाफेच्या हजारो इंजिनांची निवृत्ती ठरली. ती तोडायचं काम रेल्वेच्या स्वतःच्या कारखान्यांना झेपेना, म्हणून बाहेरच्या भंगारवाल्यांना बोलावणं गेलं. पेढीचा कारभार तेव्हा डाय वूडहॅम पाहत होते. इंजिन कसं तोडायचं हे शिकायला ते स्विंडनच्या कारखान्यात जाऊन आले आणि मार्च १९५९मध्ये इंजिनांची पहिली खेप बॅरीत दाखल झाली.

इथून पुढे जे घडलं त्याचं श्रेय सहसा प्रेमाला दिलं जातं. मला वाटतं ते आधी हिशेबाला द्यायला हवं. इंजिनांबरोबरच रेल्वे हजारो वाघिणी आणि गार्डचे डबेही विकत होती. वाघीण तोडणं सोपं, झटपट आणि फायद्याचं. इंजिन म्हणजे जाड पोलाद, तांबं, पितळ, अॅस्बेस्टॉस आणि कितीतरी दिवसांचं काम. वूडहॅम यांनी वाघिणी आधी घेतल्या आणि इंजिनं मागे ठेवली. देशभरातल्या बाकीच्या यार्डांत कटर धडाधड चालत होते. ऑगस्ट १९६८मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरची वाफेची नियमित वाहतूक संपली, तेव्हा बॅरीत दोनशेहून अधिक इंजिनं अजून अखंड उभी होती.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पहिलं इंजिन सुटलं. ४३९२४ क्रमांकाचं, मालगाड्या ओढणारं साधंसं इंजिन यॉर्कशरच्या कीथली अँड वर्थ व्हॅली रेल्वेकडे गेलं. दार उघडल्यासारखं झालं. इंजिनं वाचवण्यासाठी ठिकठिकाणी मंडळं निघाली, वर्गण्या गोळा होऊ लागल्या, शेअर विकले गेले. पसंतीच्या इंजिनावर ‘राखीव’ असं रंगवून ठेवायचं, सुट्टीच्या दिवशी येऊन त्याच्या उघड्या भागांना ग्रीस फासायचं आणि पैसे जमेपर्यंत भंगाराचा भाव चढू नये अशी आशा करायची, असा क्रम होता. वूडहॅम भाव सोडत नसत, पण थांबायला तयार असत. कुणाची रक्कम पुरी होईतो ते इंजिन दुसऱ्याला न देता ठेवत. धंदेवाईक माणसाचा हा सबुरीचा गुण कितीतरी मंडळांना तारून गेला.

यार्डात भुरट्या चोरांचाही वावर होता. पितळी भाग, नावाच्या पाट्या, गेज, जे निघेल ते निघून गेलं. त्यामुळे विकत घेतलेलं इंजिन म्हणजे बहुधा चाकांवरचा सांगाडाच असे.

‘ड्यूक ऑफ ग्लॉस्टर’चा किस्सा तर कुणालाही हात टेकायला लावणारा. १९५४मध्ये बांधलेलं हे आपल्या वर्गातलं एकुलतं एक इंजिन. कोळसा भरपूर खाई, वाफ मात्र पुरेशी देत नसे. आठ वर्षांत ते निकालात निघालं. त्याचा एक सिलिंडर कापून लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये मांडला गेला आणि उरलेलं धूड बॅरीत आलं. १९७४मध्ये काही हौशी लोकांनी ते विकत घेतलं, तेव्हा जाणकारांनी त्यांना वेड्यात काढलं. नवे सिलिंडर ओतून घ्यावे लागले. पण मूळ नकाशे पसरून एकेक माप ताडून पाहताना कळलं की राखेच्या पेटीत हवा यायची तोंडं नकाशापेक्षा लहान बांधली गेली होती. धुराड्याचं मापही इंजिनाला अपुरं होतं. दोन्ही सुधारलं. १९८६मध्ये इंजिन पुन्हा पेटलं आणि रेल्वेच्या नोकरीत कधी चाललं नव्हतं इतकं जोमाने चालू लागलं. सरकारी इंजिनिअरांनी ज्याला नापास केलं, त्याचा दोष हौशी मंडळींनी शोधून काढावा, हे मला या साऱ्या गोष्टीतलं सर्वांत रुचकर प्रकरण वाटतं.

हॅरी पॉटरच्या चित्रपटांत मुलांना हॉगवर्ट्‌सला नेणारं लाल इंजिनही इथलंच. १९३७चं ‘ऑल्टन हॉल’ १९६४पासून १९८१पर्यंत बॅरीत पडून होतं. मूळ रंग अर्थात लाल नव्हता, पण चित्रपटवाल्यांना ते कोण सांगणार?

सगळी वाचली नाहीत. १९८०मध्ये वाघिणींचा तुटवडा पडला आणि कामगारांना काम देण्यासाठी दोन वाफेची इंजिनं तोडली गेली. त्याच वर्षी ‘आर्क रॉयल’ हे डिझेल इंजिनही तिथेच कापलं गेलं. वाफेची जागा घ्यायला आलेलं यंत्र मोडीत गेलं आणि त्याने हटवलेली इंजिनं शेजारी शाबूत राहिली. जानेवारी १९९०मध्ये ५५५३ हे शेवटचं इंजिन यार्डाबाहेर पडलं. वूडहॅम यांनी घेतलेल्या २९७ वाफेच्या इंजिनांपैकी २१३ वाचली. सदर्न रेल्वेच्या ‘मर्चंट नेव्ही’ वर्गातली आज ११ इंजिनं उरली आहेत, त्यांतली १० बॅरीहून आलेली आहेत. डाय वूडहॅम १९९४मध्ये वारले.

आज बॅरीला जाऊन ते यार्ड शोधू नये. बंदराच्या त्या भागात आता रस्ते, दुकानं आणि घरं आहेत. इंजिनं पाहायची तर ऑक्सफर्डजवळच्या डिडकॉटच्या रेल्वे संग्रहालयात जावं. तिथलं ‘किंग एडवर्ड द्वितीय’ बॅरीत असताना रुळांवरून घसरलं होतं आणि ते हलवण्यासाठी त्याची मागची मोठी चाकं गॅस कटरने कापली गेली होती. नवी चाकं ओतून ते २०११मध्ये पुन्हा धावतं केलं गेलं. त्याच आवारात ‘लेडी ऑफ लेजंड’ आहे. तिच्या वर्गातलं एकही इंजिन जगात उरलं नव्हतं, म्हणून बॅरीहून आणलेल्या ‘मेंडी हॉल’ला नवं रूप देऊन ती घडवली. २०१९पासून ती प्रवासी गाड्या ओढते आहे.