टर्नरचा हात

नायगाव-परळच्या चाळींत एके काळी ‘तो टर्नर आहे’ म्हटले की पुढे काही सांगावे लागत नसे. गिरणी म्हणजे साचे आणि सूत हे चित्र आपल्या मनात पक्के आहे; पण मोठ्या गिरणीच्या पोटात एक मेकॅनिक खातेही असे. झिजलेला बुश, मोडलेला शाफ्ट तिथेच लेथवर नव्याने उतरे. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत हे टर्नरही होते.

आमच्या मजल्यावरचे नाना त्यांतले एक. गेल्या वर्षी मी घरी चाळीसेक किलोचा छोटा लेथ आणला, तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि विचारले, “हे खेळणं कुणासाठी?”

खेळणे म्हणा, पण या छंदाला वंशावळ आहे. लाकूड फिरते ठेवून त्यावर पटाशी धरायची, ही कातारी मंडळींची विद्या जुनीच. हातात धरलेले हत्यार यंत्रावर बसवून स्क्रूने सरकवायचे, ही सोय १८००च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉडस्लेने पक्की केली आणि धातूकामाचे रूप पालटले. १८९८ साली तिथे ‘मॉडेल इंजिनिअर’ हे हौशी मंडळींचे नियतकालिक निघाले. १९४६मध्ये मायफर्ड कंपनीचा ‘एमएल सेव्हन’ हा घरगुती लेथ आला. आपल्याकडे लेथ कारखान्यातच राहिला. १६० चौरस फुटांच्या बीडीडी खोलीत माणसे मावताना मारामार, तिथे यंत्र कुठे ठेवणार?

पहिला महिना माझी सळई एका टोकाला जाड निघत होती. मी यंत्राला दोष दिला. नाना म्हणाले, “यंत्र नाही रे, सळई वाकतेय. चकाबाहेर केवढी काढली आहेस?” मोकळे टोक हत्याराच्या दाबाने मागे सरते, त्यामुळे तिथे कमी कापले जाते. सळई आत घेतली, लांब कामाला टेलस्टॉकचा आधार दिला आणि फरक गेला.

मग हत्याराची उंची. धार कामाच्या बरोबर मध्यरेषेवर हवी. नानांनी स्टीलची पातळ पट्टी सळई आणि हत्याराचे टोक यांच्यात अलगद पकडली. पट्टी उभी राहिली तर उंची बरोबर. वरचे टोक आपल्याकडे झुकले तर हत्यार खाली, पलीकडे झुकले तर वर. पुस्तकात मी ती आकृती पाहिली होती; कळली मात्र त्या दिवशी.

वेगाचे गणित सोपे आहे. साध्या पोलादाला हायस्पीड स्टीलचे हत्यार लावले, तर मिनिटाला २५ मीटर धरावे. २० मिलिमीटर व्यासाला ते सुमारे ४०० फेरे होतात. व्यास दुप्पट, तर फेरे निम्मे. नाना मात्र कान लावतात. किरकिर आली की ते आधी हत्यार किती बाहेर आले आहे ते बघतात, मग वेग उतरवतात. एका गोष्टीत मात्र ते थट्टा चालू देत नाहीत : चकची चावी चकमध्ये विसरायची नाही. स्विच दाबताच ती गोळीसारखी सुटते. लांब बाह्या आणि हातमोजेही वर्ज्य.

“तुम्ही घरी का नाही घेतलात लेथ?” मी एकदा विचारले. ते बराच वेळ कीस झाडत राहिले. “संपानंतर वॉचमनकी केली. बारा तासांची. हात शिवशिवायचे.”

दिवाळीच्या तोंडावर घरातला पितळी सोऱ्या रुसला. दट्ट्या झिजलेला, पीठ कडेने वर येई. पितळेच्या गोल तुकड्यातून नवा कातायला घेतला. मी अगदी घट्ट बसवणार होतो. नानांनी हात धरला. “पाव मिलिमीटर सैल ठेव. हवा कुठून जाईल?” शेवटचा कट त्यांनीच घेतला. डायलकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. कॅलिपर लावला तेव्हा माप बरोबर होते.

चकल्या त्यांच्याकडेही पाठवल्या. डबा परत आला तेव्हा आत त्यांचा जुना बाहेरमापाचा कॅलिपर होता, तेल लावून कागदात गुंडाळलेला.